कडेला कोमट

धाकटा सदुसष्ट वर्षांचा होता. डोक्यावर केस औषधालाही उरले नव्हते, वरच्या दातांची कवळी होती, तरी ताई त्याला धाकट्या म्हणूनच हाक मारायची. ती त्र्याहत्तरची होती आणि हा हक्क सोडायला ती तयार नव्हती. गल्लीतले लोक त्याला घड्याळजी म्हणत. घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद होऊन दोन वर्षं झाली तरी म्हणत. त्याने लग्न केलंच नाही. ताईचं झालं होतं, पण चार वर्षांत नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. आल्या दिवशी तिने स्वयंपाकघराचा आणि धाकट्याचा ताबा घेतला तो घेतलाच. "तुझं सगळं मलाच बघावं लागतं," हे वाक्य दिवसातून एकदा तरी व्हायचं. खरं सांगायचं तर तिला ते बघायला आवडायचं. बघण्यासारखं काही नसतं तर तिने कुठून तरी शोधून काढलं असतं.

फक्त पाखरांच्या बाबतीत तिची डाळ शिजत नव्हती. मागच्या खोलीत, जिथे सकाळचं ऊन येतं, तिथे धाकट्याचे पिंजरे होते. खिडकीशी मास्तर, एकतीस वर्षांचा हिरवा पोपट, छातीची पिसं स्वतःच उपटून उघडाबंब झालेला आणि स्वभावाने खवट. त्याच्या शेजारी कॉकाटील या छोट्या परदेशी पोपटांची जोडी. डोक्यावर तुरे म्हणून एक टोपीवाला आणि दुसरी टोपीवाली. खाली छोट्या चार मुनिया, ज्यांना नावं द्यायला गेलं तर त्या एकमेकींत मिसळून जायच्या. नावाबद्दल धाकट्याचा नियम होता. पिल्लाने स्वतःच्या चोचीने पहिला दाणा फोडला की मगच नाव ठेवायचं, त्याआधी ते नुसतं पिल्लू.

असे नियम त्याच्याकडे पोत्याने होते. खोलीत सुगंधी फवारा मारायचा नाही. फिनेलने पुसल्यावर खिडक्या तासभर उघड्या ठेवायच्या. न चिकटणारा काळा तवा घरात आणायचा नाही, कारण तो फार तापला तर त्याच्या धुराने पाखरं बसल्या जागी मरतात. ताईने एकदा हौसेने आणलेला असला तवा त्याने वेष्टन न काढता शेजारी देऊन टाकला होता. तेव्हा ती आठवडाभर त्याच्याशी बोलली नव्हती. "आणि एक लक्षात ठेव," तो सांगायचा, "पाखरू दुखणं लपवतं. अंग फुगवून कोपऱ्यात बसलेलं दिसलं की समजायचं, आपल्याला उशीर झालाय." ताई मान हलवायची आणि मनात म्हणायची, माणसांचं एवढं बघितलं असतंस तर दोन पोरांचा बाप झाला असतास.

हात थरथरायला लागले ते तीन वर्षांपूर्वी. घड्याळजीचा हात थरथरतो म्हणजे सगळंच संपलं. आधी तो ते हसण्यावारी नेत होता. मग एक दिवस एका गिऱ्हाइकाच्या वडिलांचं मनगटी घड्याळ उघडताना चिमटा सटकला आणि आतली केसाइतकी बारीक स्प्रिंग कायमची गेली. गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं तेव्हा धाकट्याला दातखीळच बसली. ताई त्याचा जेवणाचा डबा घेऊन आली होती. ती पुढे झाली आणि म्हणाली, "माझ्या हातून पडलं हो. मी टेबल पुसत होते." गिऱ्हाईक तिला तोंडाला येईल ते बोललं. ती मान खाली घालून ऐकत राहिली. घरी जाताना धाकटा म्हणाला, "ताई, अजून किती वर्षं असं करणार आहेस?"

हे सुरू झालं होतं तो आठ वर्षांचा असताना. वडिलांचं भिंतीवरचं घड्याळ उतरवून त्याने त्याची चाकं जमिनीवर ओळीने मांडली होती, आणि मग ती परत बसेनात. वडील घरात शिरले तेव्हा चौदा वर्षांच्या ताईने त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं, "मी पाडलं." वडिलांनी कमरेचा पट्टा काढला. धाकटा दाराआडून बघत होता आणि त्याने तोंड उघडलं नाही. पुढे त्याच्या नापास झालेल्या परीक्षेपासून हरवलेल्या छत्रीपर्यंत घरात जे काही बिघडलं ते ताईच्या हातून बिघडलं, असा कारभार होता. वडील मरेपर्यंत ताईला वेंधळी समजत होते.

हातांपाठोपाठ आठवण जायला लागली. चष्मा तांदळाच्या डब्यात निघू लागला. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, गोळ्या दिल्या आणि ताईला बाजूला घेऊन सांगितलं, "त्यांच्या हातांना बारीक काम देत राहा. रोज. हात रिकामे बसले की घसरण सुरू होईल, आणि ती घसरण थांबवायला आमच्याकडे काही नाही." ताईने हे मनावर कोरून घेतलं. दुकान गेलं होतं, पण पाखरं होती. नखं कापणं, नव्या पिसांवरचं टरफल चिमट्याने सोडवणं, मुनियांच्या पायात अडकलेला दोरा काढणं, ही कामं करताना धाकट्याचा हात अचानक शांत व्हायचा. चहाचा कप धरताना बशी खडखडायची, पण पाखराच्या अंगाला बोट लागलं की थरथर जायची. ताईने हे शंभरदा पाहिलं होतं. तेव्हापासून तिने पाखरांच्या घाणीबद्दल बोलणं सोडलं.

टोपीवालीची अंडी आजवर दोनदा पोकळ निघाली होती. तिसऱ्या खेपेला तीनांतल्या एकातून पिल्लू निघालं. पिल्लू पंधरा दिवसांचं झालं आणि आईनेच त्याच्या पाठीवरची कोवळी पिसं रक्त येईपर्यंत उपटायला सुरुवात केली. कधीकधी असं होतं, का ते कुणाला माहीत नाही. धाकट्याने पिल्लू बाहेर काढलं, एका खोक्यात कापडावर ठेवलं, वर मंद दिवा लावला आणि हाताने भरवायला लागला. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा. तळहाताच्या फोडासारखं जपत होता त्याला.

भरवण्याचा एक सोहळाच असायचा. पिल्लांचं पीठ डब्यातून मोजून घ्यायचं, उकळून निववलेल्या पाण्यात कालवायचं, ती वाटी गरम पाण्याच्या मोठ्या भांड्यात ठेवायची आणि ढवळत राहायचं. मध्ये थर्मामीटर. बरोबर चाळीस अंश. कमी असेल तर पिल्लाला पचत नाही, जास्त असेल तर गळ्याखालची पिशवी भाजते. पिल्लू खाल्लेलं आधी त्या पिशवीत साठवतं आणि तिची कातडी कांद्याच्या पापुद्र्याएवढी असते. या सगळ्याला वीस मिनिटं जायची.

"मायक्रोवेव्हमध्ये ठेव की वीस सेकंद," ताई म्हणाली होती. मायक्रोवेव्ह तिचा लाडका होता.

"नाही म्हणजे नाही. त्यात कडेला कोमट लागतं आणि मध्ये उकळत असतं. पिल्लू अधाशी असतं, ताई. त्याला कळत नाही. भाजलं तरी ते गिळत जातं."

मग तो सुईशिवायची पिचकारी भरायचा, पिल्लाच्या चोचीच्या कडेला टेकवायचा, आणि पिल्लू मान वरखाली करत एखाद्या पंपासारखं ओढून घ्यायचं. त्या तीन-चार मिनिटांत धाकट्याचा हात कसा दिसायचा ते ताईला विचारा. तिशीतल्या घड्याळजीचा हात दिसायचा.

पिल्लू साडेतीन आठवड्यांचं झालं तेव्हा धाकट्याची दवाखान्यातली तारीख आली. एरवी ताई सोबत जायची, पण पिल्लाला एकटं ठेवायला तो तयार होईना. शेजारचा ड्रायव्हर त्याला नेऊन आणणार होता. जाताना चार वेळा म्हणाला, "दोनपर्यंत येतोच. थोडा उशीर झाला तरी तू हात लावू नकोस. अर्ध्या तासाने काही बिघडत नाही."

दोन वाजले. अडीच वाजले. पिल्लू ओरडायला लागलं. कॉकाटीलच्या पिल्लाचं ओरडणं गोड वगैरे नसतं, पत्र्यावर पत्रा घासावा तसं ते कर्कश असतं आणि थांबत नाही. तीन वाजता ताईने खोक्यावर कापड टाकलं. सव्वातीनला काढलं. पिल्लू मान ताणून तिच्याकडे चोच वासून होतं. साडेतीनला तिचा धीर सुटला. एवढ्याशा जिवाला उपाशी ठेवायचं म्हणजे काय, असं ती स्वतःशी बडबडत उठली. पीठ मोजून घेतलं. पाणी घातलं. पुढे वीस मिनिटांचं ढवळणं होतं, आणि पिल्लू ती सगळी वीस मिनिटं असंच ओरडणार होतं. तिने वाटी मायक्रोवेव्हमध्ये ठेवली. वीस सेकंद. कडेला बोट लावून पाहिलं, गारच. अजून पंधरा. पुन्हा कडेला बोट लावलं. कोमट होतं, अगदी बेताचं.

पिल्लाने पिचकारी अशी ओढली की तिला हसू आलं. मध्येच एकदा त्याने मान झटकन मागे घेतली आणि डोकं हलवलं. ठसका लागला असेल म्हणून ती थांबली. पिल्लाने पुन्हा चोच वासली. तिने उरलेलं भरवलं. पिशवी टम्म फुगली, ओरडणं थांबलं, आणि पिल्लू कापडात मान खुपसून झोपलं. ताईला फार बरं वाटलं. उगाच एवढा बाऊ करतो हा, असं तिला वाटलं, आणि असं वाटण्याचाही एक आनंद झाला.

साडेचारला धाकटा आला तो चपला न काढता आत. "भरवलंस?"

"मग काय उपाशी मारू?"

"कसं केलंस?"

"तू करतोस तसंच."

"पाण्यात वाटी ठेवून? मोजून?"

"हो रे बाबा. चाळीस." तिने डोळ्याची पापणीही लवू दिली नाही.

ताई जन्मभर खोटं बोलत आली होती, पण सगळं त्याच्यासाठी. स्वतःसाठी बोललेलं हे पहिलंच, आणि ते इतकं किरकोळ होतं की तिला खोटं म्हणून जाणवलंच नाही. धाकट्याने फुगलेल्या पिशवीवर हलकेच बोट टेकवून पाहिलं. मग ताईच्या पाठीवर थाप मारली. "तयार झालीस की गं," तो म्हणाला. ती त्या दिवशी खुशीत होती.

दोन दिवसांनी पिल्लाच्या गळ्याखाली लाली दिसली. दिव्याची धग लागत असेल म्हणून धाकट्याने दिवा वीतभर वर घेतला. चौथ्या दिवशी तिथे नखाएवढी काळपट खपली होती. सहाव्या दिवशी सकाळी पिल्लाला भरवताना त्याला वाटलं, चोचीतून सांडतंय. त्याने पुसलं. पुन्हा भरवलं. मग त्याने चष्म्यावरून घड्याळाचं भिंग डोळ्याला लावलं आणि पाहिलं. भरवलेलं पीठ गळ्याखालच्या भोकातून छातीवर ओघळत होतं.

पाखरांची डॉक्टरीण तरुण होती आणि तोडून बोलणारी. तिने पिल्लू उलटसुलट केलं आणि म्हणाली, "भाजलंय. अन्न जास्त गरम होतं. पाच-सहा दिवसांपूर्वीचं आहे, हे असं सावकाशच वर येतं. भरवतं कोण?"

ताईने तोंड उघडलं.

"मीच," धाकटा म्हणाला. "सगळं मीच करतो. ताईने एकदा भरवलं, पण ती पाण्यात ठेवून, मोजून. तिचं चुकणार नाही."

"तुम्ही थर्मामीटर बघता ना दरवेळी?"

"बघतो. बघतोच मी." मग तो थांबला. त्याची नजर टेबलावरच्या त्याच्या हातांकडे गेली. "म्हणजे बघितलं असेल. हल्ली आठवत नाही, डॉक्टर."

ताईच्या जिभेच्या टोकावर सगळं आलं होतं. आज कुणी तिची बाजू घेऊ म्हटलं तर घेता येणार नाही, इतकं ते सोपं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. पण डॉक्टरीण कठोर दिसत होती. आणि 'तिचं चुकणार नाही' हे तिच्याबद्दल आजवर कुणीच म्हटलं नव्हतं, वडिलांनी तर नाहीच. ते ऐकून तिला बरं वाटलं होतं, ही गोष्ट तिने पुढे स्वतःलाही माफ केली नाही. डॉक्टरीण सांगत होती की मेलेली कातडी सुटी झाल्याशिवाय टाके घालता येत नाहीत, चार दिवस तरी थांबावं लागेल, तोवर दर दोन तासांनी थोडं थोडं भरवून जगवा. ताईने मनाशी ठरवलं, टाके पडू देत, पिल्लू बरं होऊ दे, मग एक दिवस हसत हसत सांगून टाकीन. आणि मूग गिळून बसली.

ते चार दिवस धाकट्याने जिवाचं रान केलं. भोकावर मऊ पट्टी, दर दोन तासांनी दोन चमचे, रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. पहिल्या दिवशी चौऱ्याहत्तर ग्रॅम भरलं. दुसऱ्या दिवशी सत्तर. त्याने थर्मामीटर वाचायचं सोडून दिलं होतं. "तू बघ," असं म्हणून तो ताईपुढे धरायचा. ती वाचायची, चाळीस. "नक्की?" "नक्की." आणि पिचकारी पिल्लाच्या चोचीशी नेताना, पाखराला बोट लागलेलं असताना, त्याचा हात थरथरायला लागला. ताईने ते पाहिलं. तिसऱ्या दिवशी पासष्ट ग्रॅम भरलं.

चौथ्या दिवशी सकाळी वजन करायची वेळ आली नाही. दिवा चालू होता, कापड उबदार होतं आणि त्यात पिल्लू गार पडलं होतं. धाकट्याने ते ओंजळीत घेतलं आणि बराच वेळ बसून राहिला. "नाव ठेवायचं राहिलं," एवढंच म्हणाला. ताई दारात उभी होती. हे सांगायची वेळ नव्हे, असं तिने स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशीही नव्हती, तिसऱ्या दिवशीही नव्हती. सांगायचं राहिलं की ते रोज थोडं जड होत जातं, हे तिला माहीत नव्हतं, कारण स्वतःचं असं काही सांगायची वेळ तिच्यावर आलीच नव्हती.

दोन आठवड्यांनी त्याने फोन लावला तो तिने स्वयंपाकघरातून ऐकला. शहराबाहेर एक पाखरंवाली होती, मोठ्या जाळीघरात पक्षी सांभाळायची, धाकट्याची जुनी ओळखीची. "सगळे घेऊन जा," तो सांगत होता. "हो, मास्तरसुद्धा. माझ्या हातात जीव सुरक्षित नाही आता."

ताईच्या हातातली पळी तशीच राहिली. हात रिकामे बसले की घसरण सुरू होईल, हे डॉक्टरांचं वाक्य तिला शब्दन् शब्द ऐकू आलं. पिल्लू गेलं ते गेलं. आता धाकटा जाणार होता. त्याला थांबवायला एकच गोष्ट पुरेशी होती आणि ती तिच्याकडे होती.

पाखरंवाली दुसऱ्या दिवशी अकराला येणार होती. सकाळी धाकटा प्रत्येकाचे दाणे वेगवेगळ्या पिशव्यांत भरत होता. अर्धे जमिनीवर सांडत होते. ताई त्याच्यासमोर जाऊन बसली.

"धाकट्या, पिल्लू माझ्यामुळे गेलं."

"हं."

"हं काय? ऐक. तू दवाखान्यात होतास त्या दिवशी मी मायक्रोवेव्हमध्ये गरम केलं. कडेला बोट लावून बघितलं आणि भरवलं. ते मध्ये गरम होतं. तुझं काही चुकलं नाही."

त्याने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर एक हसू होतं आणि ते हसू ताई ओळखत होती.

"पट्टा कुणी काढलाय, ताई? बाबा नाहीत आता."

"मी खरं सांगतेय."

"तेव्हाही अशीच सांगत होतीस. डोळ्याला डोळा भिडवून."

"तेव्हा खोटं होतं. हे खरं आहे."

"आणि त्या गिऱ्हाइकाच्या घड्याळाच्या वेळी?"

"तेही खोटं होतं, तुला माहितीये. पण हे तसं नाही रे."

"मायक्रोवेव्हबद्दल मी पहिल्या दिवसापासून कानीकपाळी ओरडतोय. तू करशील?"

"केलं मी."

"मग त्याच दिवशी का नाही बोललीस?" त्याचा आवाज मऊच होता. "मी विचारलं होतं. तू म्हणालीस, पाण्यात ठेवून, मोजून, चाळीस. बाकी डोक्यात काही राहत नाही, पण एवढं मला पक्कं आठवतंय."

यावर ताईकडे एकच उत्तर होतं आणि ते तिने दिलं. "लाज वाटली."

"तुला?" धाकटा हसला. "तुला लाज?"

तिने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. फोनवर सगळं सांगितलं, बोलताना दोनदा रडली, आणि म्हणाली, तुम्ही सांगा त्याला, तुमचं ऐकेल. डॉक्टरीण म्हणाली, द्या त्यांच्याकडे. धाकट्याने फोन कानाला लावला. हो हो करत ऐकून घेतलं. "ताईने तुम्हालाही पढवलं का?" तो म्हणाला. "नाही हो, राग कसला. ती अशीच आहे पहिल्यापासून." फोन ठेवून त्याने ताईचा हात हातात घेतला. त्याचे डोळे भरले होते.

"तू होतीस म्हणून मी इथवर आलो. पण एक तरी चूक माझी मला घेऊ दे, ताई. आयुष्यात एक तरी."

पाखरंवाली वेळेवर आली. मोठ्या हाताची, कामाची बाई होती. मुनिया गेल्या, टोपीवाला आणि टोपीवाली गेली. मास्तरच्या पिंजऱ्याशी ताई आडवी उभी राहिली. "हा राहू दे. हा म्हातारा आहे, याला कुठली नवी जागा मानवणार? अहो, तुम्ही तरी सांगा." पाखरंवाली अवघडून धाकट्याकडे बघायला लागली. ताईने पिंजऱ्याच्या सळया दोन्ही हातांनी धरल्या होत्या. धाकटा पुढे आला आणि तिची बोटं एकेक करून सोडवायला लागला. त्याचा हात इतका थरथरत होता की आतली पाण्याची वाटी वाजत होती. मास्तर दांडीच्या टोकाला जाऊन अंग फुगवून बसला. मग टेम्पोचं दार लागलं.

मागच्या खोलीत पिंजऱ्यांचे चौकोन भिंतीवर राहिले, आजूबाजूच्या रंगापेक्षा उजळ. ताईने त्याला काय काय आणून दिलं. मोडकं गजराचं घड्याळ आणलं. मण्यांची माळ तोडून दोरा आणि मणी पुढे ठेवले. तांदूळ निवडायला दिले. तो नको म्हणायचा नाही. हात मांडीवर ठेवून त्या वस्तूंकडे बघत बसायचा आणि थोड्या वेळाने म्हणायचा, "माझ्या हातून नको. बिघडेल." ती अजून अधूनमधून सांगायची, मी केलं होतं रे ते. आधी तो हसायचा. मग नुसती मान हलवायला लागला. आणि एक दिवस तिने सांगितलं तेव्हा त्याने विचारलं, "कुठलं पिल्लू?"

डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या. हिवाळा संपेपर्यंत शर्टाची बटणं ताई लावायला लागली, मग दाढी, मग जेवण. तुझं सगळं मलाच बघावं लागतं, हे वाक्य तिने त्याच्याबद्दल परत कधी उच्चारलं नाही. पाखरांपैकी त्याला काय आठवत होतं, देव जाणे. सकाळी ऊन यायचं त्या वेळेला तो मागच्या खोलीच्या दारापर्यंत जायचा आणि परत यायचा.

एका संध्याकाळी तिने दूध गरम केलं आणि त्याच्या खुर्चीशी आणलं. त्याने कपाकडे पाहिलं, मग हात मागे घेतले.

"गरम असेल."

"नाही रे. पी."

"तू बघ आधी," तो म्हणाला. "तुला बरोबर कळतं. तुझं चुकत नाही."

ताईने बोट बुडवून पाहिलं. कडेला कोमट होतं. मग ती परत स्वयंपाकघरात गेली, चमचा घेतला आणि तळापासून ढवळायला लागली. बाहेरून त्याने विचारलं, झालं का, तरी ती ढवळतच होती.